नरसव्वाच्या लिंबाची खालची फांदी

सन तीसच्या आधीच्या एका माघ महिन्यात, ऊन गल्लीत उतरण्यापूर्वी, सोलापुरातल्या विणकरांच्या एका गल्लीत कोवळ्या कडुलिंबाची सर्वांत खालची फांदी करवतीने कापण्यात आली. करवत माझ्या हातात होती. फांदीला बांधलेला दोर नरसव्वा नावाच्या विणकर बाईच्या हातात होता. झाड तिचे होते. फांदी काढली नसती तर शिमग्यानंतर झाड मुळासकट काढले जाणार होते. फांदी चुकीची कापली असती तर झाड पुढे कधीतरी आपणच पडले असते.

मी तेव्हा एका कापड गिरणीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर बागेचा मेस्त्री होतो. त्याआधी एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. साप्ताहिक बंद पडले, गिरणीत ओळख होती, बागेचे काम मिळाले. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवायचे, ही संपादकांची शिकवण बागेतही उपयोगी पडली. येथेही तीच पाळतो.

आधी धंद्याबद्दल थोडे. बागेत नवे झाड लावले की पहिली काही वर्षे त्याच्या खालच्या फांद्यांचा प्रश्न असतो. पुष्कळांचा समज असा की झाड वाढले की फांदीही वर जाते. तशी ती जात नाही. छातीच्या उंचीवर फुटलेली फांदी झाड कितीही उंच झाले तरी छातीच्याच उंचीवर राहते. फक्त जाड होते. स्टेशनच्या बाजूला राहणारे एक वकील आपल्या फाटकाजवळच्या बुचाच्या झाडाची फांदी वर जाण्याची वाट पाहत होते. दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास ते मला बोलावून फांदी दाखवीत आणि म्हणत, "मेस्त्री, यंदा थोडी सरकली ना?" त्यांची पगडी त्या फांदीला अडकलेली मी दोनदा पाहिली आहे. फांदी काढू देण्यास मात्र ते तयार नव्हते. सावलीला आले की काढा, म्हणत.

याच्या उलट होटगीला रेल्वेत असलेले एक गृहस्थ. त्यांना झाड खांबासारखे सरळ हवे होते. दारातल्या कोवळ्या शिरिषाच्या सगळ्या खालच्या फांद्या त्यांनी एका दुपारी स्वतः कोयत्याने उडवल्या आणि मला पाहायला बोलावले. शेंडा तेवढा राहिला होता. खालच्या फांद्यांची पाने खोडाला पोसतात, खोड जाड करतात आणि आमच्या इकडच्या उन्हापासून त्याची साल झाकतात. ती गेली की खोड बारीक राहते, डोके जड होते आणि साल भाजते. मी तसे सांगितले. ते म्हणाले, "पण दिसतंय कसं, ते बघा की." वैशाखातल्या वावटळीत झाड मध्यावर वाकले. पुढे ते सरळ झाले नाही.

म्हणून खालच्या फांद्या काढायच्याच, पण हप्त्याहप्त्याने. दर हिवाळ्याच्या शेवटी, नवी पालवी फुटण्याआधी, तळातली एखादी काढायची. तिच्यावरच्यांची टोके खुडून त्यांना आखूड ठेवायचे, म्हणजे त्या खोडाला पोसतात पण पसरत नाहीत. पुढच्या वर्षी त्यांतली एक. बाहेरच्या माणसाला एवढे कळले तरी पुरे.

नरसव्वाच्या झाडाची अडचण सावलीची होती, आणि ती समजायला विणकरांचे काम समजावे लागते. ताणा, म्हणजे कापडातला उभा धागा, मागावर चढवण्याआधी त्याला खळ, म्हणजे पिठाची पातळ पेज, पाजतात. गल्लीच्या लांबीइतका ताणा बांबूच्या घोड्यांवर कंबरेच्या उंचीला पसरायचा, त्यावर खळ द्यायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे फिरवत टोकापासून टोकापर्यंत चालत जायचे. याला पाजणी म्हणतात. कडक उन्हात खळ कुंचा फिरायच्या आत वाळते, धागे एकमेकांना चिकटतात, सोडवताना तुटतात. म्हणून पाजणीला झाडाची सावली लागते.

या गल्लीत पूर्वी एक जुना कडुलिंब होता. सगळी घरे त्याच्याच खाली पाजणी करीत. एका पावसाळ्याच्या तोंडाशी वादळात तो पडला. पडलेले खोड मी पाहिले आहे. आत पोकळ होते, आणि पोकळी जिथून सुरू झाली होती तिथे कधीकाळी तोडलेल्या फांदीची खुंटी होती. फांदी कोणी तोडली, याबद्दल गल्लीत तीन मते होती. मी त्यांतले एकही तपासलेले नाही.

झाड गेल्यावर पाजणी उजाडायच्या आत उरकावी लागे. ज्यांना जमेना ते ताणा खांद्यावर टाकून दूर तळ्याकडे जात. दोन घरांनी माग बंद करून गिरणीची वाट धरली. उरलेल्या घरांचे डोळे नरसव्वाच्या झाडावर होते.

नरसव्वा तेव्हा पन्नाशीची असेल. नवरा वारला होता. मुलगा अंबादास आणि सून माग चालवीत, ती स्वतः पाजणी करी. घरापुढे तिची हातभर रुंदीची बाग होती: तुळस, मोगरा, अबोली, आणि कडेला हा कडुलिंब. जुन्या झाडाखाली उगवलेले रोप तिने उचलून तिथे लावले होते. तेलुगूत ती त्याला येप म्हणे. झाड जोमाने वाढले, पण त्याच्या तीन खालच्या फांद्या गल्लीच्या अंगाला फुटल्या, सर्वांत खालची नेमकी ताणा जिथून जायचा तिथे. सावली तयार होत होती आणि तिच्याखाली जाता येत नव्हते.

एकदा कडब्याची गाडी त्या फांदीत अडकली. गाडीवानाने तक्रार केली. वॉर्डाचा मुकादम हुसेनभाई येऊन सांगून गेला की शिमग्याच्या आत वाट मोकळी झाली नाही तर झाड काढण्याचा हुकूम आहे. अंबादास मला बोलवायला बंगल्यावर आला तो यानंतर. वाटेत त्याने आपला बेत सांगितला. कोयता धार लावून ठेवला होता.

"एकदाच सगळं उडवू की मेस्त्री. तुमी नुस्तं अव्वाला सांगा. माझं ऐकत न्हाय, तुमचं ऐकंल."

मी विचारले, मग कोयता चालवायला कोण आडवे आले.

"अव्वाच की. झाडाला पाठ लावून बसली. आता आईवर कोयता उगारू काय?"

नरसव्वाने मला आधी मोगऱ्याचे झाड दाखवले, मग अबोली, मग पाणी प्यायला दिले. लिंबाजवळ जाऊ दिले नाही. जुने झाड कशाने पडले ते तिने पाहिले होते, आणि तिच्या मते लोखंड लागले तिथूनच ते आतून गेले. हे म्हणणे चुकीचे नव्हते. मी तसे कबूल केले. त्यावर ती थोडी बाजूला सरकली आणि मी झाड पाहिले.

फांद्या वर बांधलेल्या होत्या. कापायच्या नाहीत आणि वाट तर मोकळी हवी, म्हणून तिने ताण्याच्या उरलेल्या टोकांचा सुताचा दोर वळला होता, त्याला टिकाऊपणासाठी खळ पाजली होती आणि तिन्ही फांद्या ओढून खोडाशी बांधल्या होत्या; तरी खालचीचे टोक वाटेत उरलेच होते. दोराचे वेढे खोडाभोवती होते. वर्षभर ते तसेच होते. खोड वाढले, खळ पाजलेला दोर तसूभरही सैल झाला नाही. वेढ्यांच्या वर खोड फुगले होते, खाली बारीक होते. दोर सालीत रुतला होता. आणखी एक पावसाळा तसाच गेला असता तर झाड गळफास लागल्यासारखे वाळले असते. विणकराशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून ही गोष्ट इतकी पक्की झाली नसती.

मी ते तिला बोटाने दाखवले. तिने रुतलेल्या दोरावरून बोट फिरवले. अंबादास म्हणाला,

"लोखंडानं मरंल म्हणून सुतानं मारायलीस व्हय अव्वा?"

"गप," ती म्हणाली.

मी खिशातली छोटी सुरी काढली. दोर कापणे हे पहिले काम होते. नरसव्वाने माझे मनगट धरले. "वद्दु," ती तेलुगूत म्हणाली, म्हणजे नको. मला वाटले पुन्हा लोखंडाचीच हरकत आहे. कारण वेगळे होते. दोर सालीत रुतलेला, सुरी दोराखाली घालायची तर सालीतूनच घालावी लागणार. हे मलाही दिसत होते. थोडी साल जाईल, असा माझा हिशेब होता. तिचा हिशेब तसा नव्हता.

"सूत कापत न्हाईत मेस्त्री. गाठ सोडतेत."

तिने गरम पाणी मागवले. फडके भिजवून दोरावर धरले. खळ पुन्हा विरघळली, दोर मऊ झाला. मग तिने गाठी शोधल्या. वेढ्याखाली, सालीच्या कडेत, मला न दिसणाऱ्या जागी त्या होत्या. अंगठ्याच्या नखाने एकेक सैल करीत ती बसली. ताण्यातले तुटलेले धागे सांधण्यात जन्म गेलेल्या बोटांना गाठ उलटी चालवणे जड नव्हते. सालीचा एक टवकाही निघाला नाही. ती गाठ कशी मारतात आणि कशी सोडतात हे मी नंतर शिकून घ्यायला हवे होते. घेतले नाही, याची चुटपुट अजून आहे.

शेवटची गाठ सुटली तशा तिन्ही फांद्या खाली आल्या. वर्षभरात त्या जड झाल्या होत्या. सर्वांत खालची पूर्वीपेक्षाही खाली, गल्लीच्या मध्यावर, आडवी राहिली. समोरच्या घरातला एकजण घागर घेऊन येत होता, तो थांबला आणि म्हणाला की आता टोलनाका बसवा, म्हणजे झाले.

शिमगा जवळ होता. बांधून चालणार नव्हते, हे आता सगळ्यांना दिसले. नरसव्वाने मला एकच विचारले: कापल्यावर झाड आतून पोकळ होणार नाही, हे कशावरून.

बोलून याचे उत्तर देता येत नाही. मी तिला दुसऱ्या दिवशी बंगल्यावर बोलावले. ती सुनेला घेऊन आली. बागेच्या मागच्या बाजूला एक कडुलिंब होता. त्याची खालची फांदी मी दोन वर्षांपूर्वी काढली होती. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे बुडाशी सालीची सुरकुतलेली कडी असते. कडीच्या बाहेर, तिला लागून, पण तिला धक्का न लावता कापले, की ती कडी चहूबाजूंनी वाढत येते आणि जखम झाकते. लांब खुंटी ठेवली तर कडीला ती झाकता येत नाही. खुंटी कुजते आणि कूज आत जाते. जुन्या झाडाचे तेच झाले होते. खोडाला घासून कापले तर कडीच जाते, मग झाकणार कोण?

मी हे सांगत होतो तेव्हा नरसव्वाचे लक्ष माझ्याकडे नव्हते. तिने खोडावरच्या त्या गोल खुणेवर अंगठा ठेवला होता. कडेने साल जाड वळ्यासारखी वाढून मध्यभागी आली होती. मध्ये अंगठ्याच्या पेराएवढी जागा उघडी होती. ती जागा तिने दाबली, टिचकी मारून आवाज ऐकला, वास घेतला. मग सुनेला तेलुगूत काही म्हणाली. सून हसली. मी विचारले, काय म्हणाल्या.

"सांधा चांगला हाय म्हणाल्या," सून म्हणाली. "कुणी केला म्हणून इचारायल्या. झाडानंच केला, सांगितलं मी."

परत जाताना नरसव्वाने अट घातली. एकच फांदी. बाकीच्या दोन तिला सांधा दिसल्यावर. मलाही तेच हवे होते, पण मी तसे म्हटले नाही. अंबादास त्यांना न्यायला आला होता, आणि आईने अट घातली म्हणजे ती मोडता येत नाही एवढे त्यालाही ठाऊक होते. वरच्या दोन फांद्या निम्म्याने आखूड करायला तिने परवानगी दिली. टोके खुडणे तिच्या लेखी कापण्यात येत नव्हते. अबोलीची ती रोज खुडत असे.

आता त्या सकाळबद्दल. जाड फांदी वरून सरळ कापत गेलो तर शेवटी ती आपल्या वजनाने तुटते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडी खाच घ्यायची, मग वरून कापायचे, म्हणजे वजन निघून जाते. उरलेला तुकडा शेवटी कडीजवळ कापायचा. कोवळ्या झाडाला तेवढ्यानेही हिसका बसतो. दोर हवा होता. नरसव्वाने सोडलेला तोच सुताचा दोर आणला, फांदीला बांधला, वरच्या फांदीवरून टाकून टोक हातात घेतले. अंबादासने दोर मागितला. तिने दिला नाही.

फांदी सुटली तेव्हा तिने ती दोराने हळूहळू खाली उतरवली, ताणा घोडीवरून उतरवतात तशी. जमिनीला लागेपर्यंत पानांचा आवाज झाला नाही. मग मी उरलेला तुकडा काढला. तिने जागा पाहिली, कडीवरून बोट फिरवले आणि हळद लावली. हळदीची गरज नव्हती. मी हरकत घेतली नाही. अंबादासने फांदीची पाने शेजारच्या बकऱ्यांना घातली.

शिमगा झाल्यावर दुसऱ्या दिवशी हुसेनभाई आला. अंगावर रंगाचे डाग होते, हातात काठी. त्याने झाड पाहिले आणि त्याचा चेहरा पडला, असे अंबादास नंतर म्हणे. मला तसे दिसले नाही. वरच्या दोन फांद्यांकडे काठी करून त्याने विचारले की या का ठेवल्या. वाट मोकळी म्हणजे खालच्या सगळ्या फांद्या काढायच्या, असा त्याने हुकुमाचा अर्थ लावला होता. मी त्याला आखूड केलेली टोके दाखवली आणि त्या दोन काढल्या तर झाडाचे काय होईल ते सांगितले. तो म्हणाला, झाडाचे तो जाणत नाही, वाटेचे जाणतो.

"मेरेकू इत्ताच देखना है मेस्त्री, गाडी जाती की नै."

गाडी त्या वेळी गल्लीत नव्हती. नरसव्वा आत गेली आणि मुलाला म्हणाली की ताणा आण. चार घरची माणसे आली. घोड्या उभ्या राहिल्या, ताणा गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरला. झाडाखालून जाताना तो कोणत्याही फांदीला लागला नाही. पाने त्याच्या बरीच वर होती. सकाळ बरीच वर आली होती. गल्लीच्या इतर भागात ऊन पडले होते आणि झाडाखालच्या पट्ट्यात सावली होती. एका टोकाला माणूस कमी पडत होता. अंबादासने तिकडचा बांबू हुसेनभाईच्या हातात दिला.

"भाई, जरा धरा. तुमची काठी मी धरतो."

हुसेनभाईने बांबू धरला. खळ आली. कुंचे निघाले. नरसव्वा एका बाजूने, सून दुसऱ्या बाजूने, झाडाखालून वाकल्याशिवाय चालत गेल्या आणि परत आल्या. हुसेनभाई पाजणी संपेपर्यंत बांबू धरून उभा होता. मध्ये त्याने एकदा सांगितले की त्याचे नाना, म्हणजे आईचे वडील, हैदराबादेत हेच काम करीत. काठी परत घेताना तो म्हणाला, "वाट साफ है. झाड रहने दो. मगर उप्परवाली अगले साल देखूंगा."

चैत्रात झाडाला पालवी फुटली. वैशाखात वावटळी आल्या. बंगल्यातला एक गुलमोहर मोडला, गल्लीतला लिंब हलला आणि उभा राहिला. त्याच महिन्यात नरसव्वाने निरोप पाठवला. मी गेलो. हळदीचा रंग उडाला होता. कापाच्या कडेने हिरवट सालीची बारीक वळी उठली होती, पूर्ण गोल. तिने मला ती दाखवली, जणू मी ती पाहिली नव्हती.

पुढच्या माघात दुसरी फांदी काढली. दोर तिनेच धरला. हुसेनभाई पाहायला आला होता; त्याने सूचना केल्या, त्या कोणी ऐकल्या नाहीत. गिरणीत गेलेल्या दोन घरांपैकी एका घराने त्या वर्षी माग पुन्हा उभा केला. झाडामुळे केला असे गल्लीत म्हणत. त्या घरच्या माणसाने मला सांगितलेले कारण वेगळे होते: पाळीचा भोंगा सोसत नव्हता. दोन्ही खरी असतील.

तिसरी फांदी काढण्याची वेळ आली तेव्हा अंबादासला मुलगी झाली होती आणि त्या फांदीला पाळणा टांगला होता. ती अंगणाच्या बाजूला वळवता येण्यासारखी होती. टोक खुडून तिला तिकडे वळवले. ती राहिली.

मी काम सोडले त्या वर्षी, चैत्रात, एका सकाळी गल्लीत गेलो. पहिल्या कापाची खूण मला खोडावर सापडली नाही. अंबादासने बोट ठेवून जागा दाखवली. झाडाखाली ताणा पसरलेला होता. पलीकडच्या बाजूने कुंचा घेऊन नरसव्वा येत होती.